टपाल आणि लोकारोग्य (लेखांक नववा) : पाकिटातली पूड आणि टपाल हाताळणारे हात

मागील लेखांकात आपण पाहिले की, १८९६ साली मुंबईत प्लेगने ठाण मांडल्यावर युरोपातील राष्ट्रांची जी गाळण उडाली, तिच्यातून १८९७ ची व्हेनिसची आरोग्यपरिषद भरली. आणि परगावाहून आलेल्या पत्रांना छिन्नीने चिरा पाडणे, त्यांना गंधकाची धुरी देणे, ती चिमट्याने धरून व्हिनेगरात बुचकळणे या ज्या रीती भूमध्य समुद्राकाठच्या विलगीकरणगृहांतून कित्येक शतके चालत आल्या होत्या, त्यांना याच काळातील आंतरराष्ट्रीय विचारविनिमयाने हळूहळू रजा मिळाली. १९०३ च्या पॅरिस करारात तर पत्रे, ग्रंथ, वर्तमानपत्रे आणि व्यापारी कागद यांच्यावर कोणताही निर्बंध घालू नये व त्यांचे निर्जंतुकीकरणही करू नये, असे नि:संदिग्ध कलम घातले गेले. सवलत नाकारली गेली ती केवळ टपाली पार्सलांना. प्लेगचा प्रसार उंदीर आणि पिसू यांच्याद्वारे होतो, ही गोष्ट सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविली आणि पुढे ती सर्वमान्य झाली, तेव्हा या निर्णयाला शास्त्राचा आधारही लाभला. पत्र निर्दोष ठरले आणि जगभरच्या टपालखात्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

प्रस्तुत लेखांकाचा विषय याच्या नेमका उलट आहे. पत्राला दिलेली ही निर्दोषतेची सनद जवळजवळ शंभर वर्षे अबाधित राहिली आणि २००१ च्या शरदऋतूत अमेरिकेत ती एकाएकी रद्दबातल झाली. आणि ज्यांच्या हातांवर त्या सनदेचा खरा भरवसा होता, ती टपालाची वर्गवारी करणारी, थैल्या उचलणारी आणि घरोघर पत्रे पोहोचविणारी माणसे त्या प्रसंगी सर्वांत शेवटी सावध केली गेली. हा क्रम उलटा का झाला, आणि असा प्रसंग मिरजेसारख्या जंक्शनच्या गावी गुदरलाच तर तो सुलटा कसा ठेवता येईल, याचा विचार मला अगत्याचा वाटतो.

प्रथम रोगाविषयी. अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळी, हा मुळात गुराढोरांचा व शेळ्यामेंढ्यांचा रोग असून तो आपल्या मुलखाला नवा नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या अवर्षणाच्या तालुक्यांतून मेंढ्यांचे कळप घेऊन हिंडणाऱ्या धनगरांना पशुवैद्य जी ताकीद देतात, तिच्यात या रोगाचे सारे शास्त्र साठवलेले आहे : एकाएकी मेलेल्या आणि नाकातोंडातून न गोठणारे काळे रक्त आलेल्या जनावराचे शव फाडू नका, त्याचे कातडे काढू नका, ते खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. कारण असे की, हा जंतू जनावराच्या शरीरात असेतोवर सामान्य जंतूंसारखाच नाजूक असतो. परंतु शव फाडले जाऊन त्याला हवा लागली की तो स्वत:भोवती कठीण कवच निर्माण करून बीजाणूचे रूप घेतो, आणि ते बीजाणू ऊन, थंडी, कोरडेपणा यांना दाद न देता मातीत अनेक दशके जिवंत राहतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगतच्या ग्रुइनार्ड बेटावर या जंतूचे प्रयोग केले; ते बेट त्यानंतर जवळजवळ अर्धशतक मनुष्याला वर्ज्य राहिले आणि समुद्राच्या पाण्यात मिसळलेल्या फॉर्माल्डिहाइडने भूमी भिजवून काढल्यावर, १९९० साली, ते निर्धोक जाहीर झाले.

मनुष्याला ही बाधा बहुतेक वेळा त्वचेवाटे होते. हाताला बारीकशी जखम असावी, तीत बीजाणू शिरावा, प्रथम खाजरी पुळी यावी आणि तिची वेदनारहित काळी खपली व्हावी, असा तिचा क्रम असतो, आणि वेळेवर औषध मिळाले तर ती सहसा बरी होते. दुसरा प्रकार दुर्मीळ पण भयंकर. एक मिलिमीटराच्या हजाराव्या भागाएवढे ते बीजाणू श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तेथे काही दिवस, क्वचित काही आठवडे निपचित पडून राहतात, आणि मग साध्या सर्दीतापाच्या वेषात प्रकट होऊन पाहतापाहता रोग्याला गाठतात. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या लोकरगिरण्यांत, गाठोडी सोडून लोकरीची प्रत लावणाऱ्या कामगारांना एकोणिसाव्या शतकात हाच रोग होत असे आणि त्यांच्या धंद्यावरूनच तो तेथे ओळखला जाई. मालाची गाठ सोडणारा, तो झटकणारा व निवडणारा मनुष्य या रोगाचा पहिला बळी असतो, ही गोष्ट वैद्यकाला अशी सव्वाशे वर्षे ठाऊक होती. मात्र हा रोग एका माणसापासून दुसऱ्याला श्वासावाटे होत नाही. त्यामुळे रोग्याला दूर लोटण्याचे काहीच कारण नसते. बंदोबस्त करावयाचा तो धुळीचा.

आता अमेरिकेतील हकीकत. २००१ च्या १८ सप्टेंबर व ९ ऑक्टोबर या तारखांचे, न्यू जर्सी संस्थानातील ट्रेंटनचे शिक्के असलेली काही पाकिटे वृत्तमाध्यमांकडे आणि दोन सिनेटरांकडे रवाना झाली. त्यांत काळपुळीच्या बीजाणूंची अतिसूक्ष्म पूड होती. सिनेटर डॅशल यांच्या कचेरीत १५ ऑक्टोबरला असे एक पाकीट उघडले गेले आणि त्यातून भुकटी उडाली, तेव्हा त्या इमारतीतील सेवकवर्गाच्या नाकांतील नमुने घेऊन त्याच दिवसापासून त्यांना प्रतिजैविके सुरू करण्यात आली. हे योग्यच झाले आणि त्या कचेरीतील एकाही माणसाला रोग झाला नाही. परंतु ते पाकीट त्या कचेरीत आकाशातून पडले नव्हते. चार दिवस आधी ते वॉशिंग्टनच्या ब्रेंटवुड येथील मोठ्या टपालकेंद्रातून गेले होते. तेथे दोन हजारांवर माणसे काम करीत होती, आणि ते केंद्र २१ ऑक्टोबरपर्यंत नित्याप्रमाणे चालू राहिले. जोसेफ कर्सीन आणि थॉमस मॉरिस हे तेथील दोन कर्मचारी त्या सहा दिवसांत आजारी पडले. मॉरिस २१ तारखेला आणि कर्सीन २२ तारखेला मृत्यू पावले. मॉरिस यांनी शेवटच्या पहाटे स्वत:च मदतीसाठी दूरध्वनी करून आपल्याला काळपुळीची शंका असल्याचे सांगितले होते. आपल्या रोगाचे निदान एका टपाल कर्मचाऱ्याने स्वत: केले, आणि ते बरोबर ठरले.

हा विलंब दुष्टाव्यातून झाला असे मी म्हणणार नाही. आरोग्याधिकाऱ्यांची समजूत अशी होती की, पाकीट चिकटविलेले आहे, कडांना पट्टीही लावलेली आहे, तेव्हा ते उघडेपर्यंत आतले विष आतच राहणार. या समजुतीत कागदाचा आणि यंत्राचा विचारच झालेला नव्हता. कागदातील सूक्ष्म छिद्रे बीजाणूच्या आकाराच्या कित्येक पट मोठी असतात. आणि ताशी तीस हजार पत्रांची वर्गवारी करणाऱ्या यंत्राच्या पट्ट्यांमध्ये पाकीट चेपले जाते, तेव्हा आतील हवा त्या छिद्रांतून जोराने बाहेर पडते व आपल्याबरोबर पूड घेऊन येते. त्यात भर अशी की, यंत्रात साचलेली कागदाची धूळ संकुचित हवेच्या फवाऱ्याने उडवून साफ करण्याचा तेथे शिरस्ता होता. ही सफाई रोजच्या कर्तव्याचा भाग म्हणून इमानाने केली जाई आणि त्या दिवसांत तिनेच विष दालनभर पसरविले. मला या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद गोष्ट हीच वाटते. कारण यंत्राची सफाई कशी होते हे दालनातल्या कोणत्याही कामगाराने एका वाक्यात सांगितले असते, पण ते त्याला कोणी विचारलेच नाही.

एकंदर २२ जणांना रोग झाला. त्यांपैकी ११ जणांना तो श्वासावाटे झाला आणि पाच जण दगावले. पाचांमध्ये कनेक्टिकटमधील एक ९४ वर्षांची वृद्धा होती. तिच्याकडे विषारी पाकीट कोणी पाठविलेच नव्हते, बहुधा अशा पाकिटाच्या संगतीत यंत्रातून गेलेले एखादे निरुपद्रवी पत्र तिच्या घरी पोहोचले असावे. पुढे ब्रेंटवुडचे दालन क्लोरिन डायॉक्साइड वायूने धुरावून २००३ च्या अखेरीस पुन्हा उघडले आणि त्याला कर्सीन व मॉरिस यांची नावे देण्यात आली. न्यू जर्सीतील हॅमिल्टनचे तसेच दूषित झालेले टपालकेंद्र पुन्हा उघडावयास २००५ साल उजाडले. शासकीय टपालावर विद्युत्कणांचा मारा करून ते निर्जंतुक करण्याची व्यवस्था झाली. तिनेही आपले उपद्रव आणले : कागद पिवळा व ठिसूळ होई, त्याला विचित्र वास येई, आणि असे टपाल हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांनी डोके दुखण्याच्या व डोळे चुरचुरण्याच्या तक्रारी केल्या. दालनातील हवा सतत शोषून तिची जंतुपरीक्षा करणारी यंत्रेही पुढे मोठ्या केंद्रांतून बसविली गेली. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या सुमारे दहा हजार लोकांना साठ दिवस औषध घेण्याचा सल्ला दिला होता, त्यांतील निम्म्याहून कमी लोकांनी ते नेमाने घेतले. औषधाने मळमळ होते, पोट बिघडते, हे तर खरेच. परंतु ज्या अंमलदारांनी आठवडाभर ‘भय नाही’ म्हणून सांगितले, तेच आता साठ दिवस गोळ्या घ्या म्हणतात, तर त्यांच्यावर विश्वास कसा ठेवावा, असा प्रश्नही ब्रेंटवुडच्या माणसांनी केला, आणि तो अयोग्य होता असे कोण म्हणेल?

हिंदुस्थानात त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पांढऱ्या पुडीच्या पाकिटांची साथच आली. ठिकठिकाणच्या पोलीस ठाण्यांतून व प्रयोगशाळांतून अशी पाकिटे जमा होऊ लागली. तत्कालीन उपमुख्यमंत्री छगन भुजबळ यांच्या मुंबईतील कार्यालयात आलेल्या एका पत्राच्या तपासणीत काळपुळीचे जंतू आढळल्याचे वृत्त नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले, तेव्हा तर महाराष्ट्रात ही चर्चा घरोघर पोहोचली. सुदैवाने आपल्याकडे टपालातून आलेल्या काळपुळीने कोणी दगावल्याचे उदाहरण घडले नाही. परंतु तेव्हाच्या चर्चेचा रोख पाहिला तर तोच उलटा क्रम येथेही आढळतो : पत्र कोणाच्या नावे आले, त्यांच्या संरक्षणाचे काय, याविषयी रकानेच्या रकाने भरले, ते पत्र किती डाकसेवकांच्या हातांतून आले, याची विचारपूस फारशी झाली नाही.

ती विचारपूस आपण मिरजेपुरती करून पाहू. रेल्वे डाकसेवेच्या ‘बीएम’ विभागाचे मुख्यालय मिरजेला आहे, आणि ते तेथे असण्याचे कारण उघड आहे. १८९१ साली कोल्हापूरचा फाटा मिरजेस येऊन मिळाला. पुढे पंढरपूर-कुर्डुवाडीकडून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी आली. पुणे, कोल्हापूर, पंढरपूर आणि बेळगाव-लोंढ्यावरून गोवा या चार दिशांचे टपाल या एका गावी एकमेकांत मिसळू लागले. शिवाय १८९४ मध्ये डॉ. विल्यम वान्लेस यांनी येथे मिशन रुग्णालय उघडल्यापासून आरोग्यपंढरी म्हणून गावाचा जो लौकिक झाला, त्यामुळे दूरदूरच्या रोग्यांची व त्यांच्या नातलगांची पत्रेही येथे येत राहिली. जेथे वाटा एकत्र येतात, तेथे संसर्गही एकत्र येऊ शकतो.

अशा वर्गवारीच्या दालनात काम कसे चालते ते जवळून पाहिले पाहिजे. थैली येते, तिच्यावरचे लेबल व मोहोर (पूर्वी लाखेची, आता प्लॅस्टिकची) तपासून सुतळी कापली जाते, थैली टेबलावर उलटी करून तिचे दोन्ही कोपरे धरून ती झटकली जाते, कारण एखादे पत्र शिवणीत अडकून राहिले तर त्याची जबाबदारी थैली उघडणाऱ्यावर येते, आणि मग ती आतून बाहेर उलटून पुन्हा पाहिली जाते. हा नियम चोख आहे आणि शंभर वर्षांच्या अनुभवाने तो घातलेला आहे. पण त्या झटकण्याबरोबर किंतानाची, सुतळीची, कागदाच्या कणांची जी धूळ उठते, ती टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असते. आणि उन्हाळ्याच्या दिवसांत डोक्यावर पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो. ब्रेंटवुडला जे यंत्राने व हवेच्या फवाऱ्याने केले, ते येथे झटकलेली थैली व पंखा थोड्या प्रमाणात करू शकतात. पाळी संपल्यावर कोरड्या केरसुणीने जमीन झाडली जाते, तेव्हा खाली बसलेली धूळ पुन्हा वर येते. हातांनी होणाऱ्या वर्गवारीत पाकीट यंत्राइतके चेपले जात नाही, ही जमेची बाजू. पण शिक्का मारताना त्यावर घाव बसतोच.

यावरचे उपाय खर्चाचे नाहीत, आणि म्हणूनच ते न करण्याला सबब उरत नाही. थैली झटकण्याऐवजी टेबलावर आडवी ठेवून आत हात घालून रिकामी करावी; थैल्या उघडण्याच्या जागेवरचा पंखा बंद ठेवून हवा खिडक्यांनी खेळती ठेवावी; केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने टेबले व जमीन पुसावी; ठरावीक दिवसांनी थैल्या धुवाव्यात. ही तजवीज काळपुळीचे नाव ऐकू न येणाऱ्या वर्षांतही केली तर दम्याने व खोकल्याने बेजार झालेल्या किती डाकसेवकांचे आयुष्य सुसह्य होईल याचा विचार व्हावा. अमेरिकेतील दहशतीने शिकविलेली गोष्ट रोजच्या धुळीलाही लागू पडते.

येथवर परदेशातील सूचना आपल्याला सरळ उचलता आल्या. पुढे मात्र एक अडचण आहे, आणि ती आपल्या समाजाच्या आस्थेतूनच उत्पन्न होते. पाकिटातून पूड गळताना दिसली की ते संशयित समजावे, असा अमेरिकन नियम. पण आपल्या टपालात पूड असणे हा अपवाद नव्हे. नृसिंहवाडीच्या दत्ताचा अंगारा, जोतिबाचा गुलाल, पंढरीचा बुक्का, लग्नपत्रिकेत घातलेले कुंकू आणि हळदीत माखलेल्या अक्षता कागदाच्या पुडीत बांधून दूरच्या मुलाबाळांना पाठविण्याची चाल किती घरांत आहे! सांगली ही हळदीची जुनी पेठ. नमुन्याची हळदपूड टपालाने गेली आणि पुडी फुटली, तर सारी थैली पिवळी होते. मिरजेचे सतारमेकर तंबोऱ्याचे भोपळे भुशात व पेंढ्यात गुंडाळून पाठवितात, त्यातूनही बारीक भुसा गळतो. अशा प्रत्येक पुडीसाठी दालन रिकामे करावयाचे म्हटले तर सणावारी टपाल चालणारच नाही. आणि प्रत्येक पूड अंगाराच आहे असे मानावयाचे म्हटले तर ज्या एका दिवशी ती अंगारा नसेल, त्या दिवशी अनर्थ ओढवेल.

म्हणून निवाडा पुडीवर न करता पाकिटाच्या एकंदर लक्षणांवर करावा लागतो, आणि येथे अनुभवी सॉर्टरची नजर कोणत्याही यंत्रापेक्षा कामाची ठरते. पाठविणाऱ्याचे नाव नाही, किंवा असलेला पत्ता आणि टपालाचा शिक्का यांचा मेळ बसत नाही. तिकिटे गरजेपेक्षा पुष्कळ जास्त लावलेली. एखाद्या अधिकाऱ्याचा हुद्दा लिहिला पण नाव चुकले. कडांना नको इतकी चिकटपट्टी. तेलकट डाग, अनोळखी वास, ‘फक्त स्वत:च उघडावे’ असा आग्रह. यांतील एखादे लक्षण काहीच सिद्ध करीत नाही; तीन-चार एकत्र आली आणि पूडही गळत असली तर मात्र वाट पाहू नये. पंचवीस वर्षे पाकिटे हाताळणाऱ्या माणसाला देवस्थानाची पुडी आणि विपरीत पाकीट यांतला भेद बोटांनी कळतो. मात्र त्याने शंका बोलून दाखविली तर साहेब रागावणार नाहीत, काम थांबविल्याबद्दल खुलासा मागितला जाणार नाही, असा भरवसा त्याला आधी दिलेला असला पाहिजे. त्या भरवशावाचून बाकीचे सारे कागदी ठरते.

शंका आल्यावर काय करावयाचे तेही साधेच आहे. पाकीट हलवू नये, हुंगू नये, त्यावर फुंकर मारू नये, उजेडापुढे धरून पाहण्याचा मोह आवरावा. ते जेथे आहे तेथेच ठेवून त्यावर टोपली, कापड किंवा प्लॅस्टिकची पिशवी हलक्या हाताने झाकावी, पंखे व वातानुकूलन बंद करावे, दार लावून सर्वांनी बाहेर यावे, आणि तेथे उपस्थित असलेल्या प्रत्येकाचे नाव लिहून घ्यावे. मग हात साबण व भरपूर पाणी लावून धुवावेत. अंगावर पूड उडाली असेल तर कपडे न झटकता उतरवून पिशवीत बांधून ठेवावेत व स्नान करावे. पोलीस व जिल्हा आरोग्याधिकारी यांना वर्दी देणे हे पर्यवेक्षकाचे काम. येथे एका गैरसमजाची दखल घेणे भाग आहे. करोनाच्या काळापासून हातावर घेण्याचे मद्यार्कयुक्त सॅनिटायझर प्रत्येक खिडकीशी आले आणि ते सर्व जंतूंवर रामबाण आहे अशी समजूत रुजली; काळपुळीच्या बीजाणूवर त्याचा उपयोग होत नाही. त्याला साबणपाण्याने धुऊन काढणे हाच हातांसाठी मार्ग आहे, आणि पृष्ठभागासाठी विरल केलेले ब्लीच, तेही पुरेसा वेळ राहू दिलेले. तोंडाला बांधलेला रुमालही तसाच निरुपयोगी. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ जातीचा मुखपट हवा, आणि तो कसा घालावा याचा सराव हवा.

करोनाचा उल्लेख आला तर तोही प्रसंग येथे नोंदविला पाहिजे, कारण तो या जिल्ह्याने फार जवळून पाहिला. २०२० च्या मार्चअखेरीस इस्लामपुरात एकाच कुटुंबातून बाधितांची संख्या वाढत गेली, मिरजेचे शासकीय रुग्णालय करोनाग्रस्तांसाठी राखले गेले, आणि सारे व्यवहार बंद असताना टपाल मात्र अत्यावश्यक सेवा म्हणून चालू राहिले. औषधांची पार्सले गेली, पोस्टमनांनी वृद्धांच्या दारी पैसे पोहोचविले. त्या दिवसांत कागदाचेच भय सर्वांना वाटे. पुठ्ठ्यावर तो विषाणू चोवीस तासांपर्यंत तग धरू शकतो, असे एका प्रयोगाचे निष्कर्ष मार्चमध्येच प्रसिद्ध झाले होते, आणि पाकिटांवर फवारे मारले जाऊ लागले. पुढे स्पष्ट झाले की, पृष्ठभागावरून होणारा संसर्ग अल्प असून खरा धोका बंद खोलीतील गर्दीच्या श्वासोच्छ्वासात आहे. म्हणजे डाकसेवकाला भय होते ते पत्रापेक्षा खिडकीपुढील रांगेचे. प्लेगात पत्र निर्दोष, काळपुळीत दोषी, करोनात जवळजवळ निर्दोष : रोगागणिक उत्तर बदलते, म्हणून कर्मचाऱ्याला केवळ हातमोजे देऊन भागत नाही, या वेळी भय कशाचे आहे ते त्याला त्याच दिवशी सांगावे लागते.

कायद्याने हा प्रश्न अगदीच दुर्लक्षिला होता असे नाही. १८९८ चा, म्हणजे प्लेगाच्या धामधुमीतलाच, भारतीय टपाल अधिनियम पाहावा. त्याच्या एकोणिसाव्या कलमात स्फोटक, धोकादायक, घाणेरडे किंवा अपायकारक असे काहीही टपालाने पाठविण्यास मनाई होती, आणि तिचे कारण देताना टपालातील इतर वस्तूंबरोबरच टपालखात्याच्या अधिकाऱ्यास होणाऱ्या इजेचाही स्पष्ट निर्देश होता. रोगनिदानासाठी जंतूंचे नमुने पाठविण्याची गरज ओळखून त्यांच्यासाठी आत घट्ट बंद नळी, तिच्याभोवती द्रव शोषणारा कापूस आणि बाहेर मजबूत पेटी अशा बांधणीची अट नियमांनी घातली. मिरजेसारख्या वैद्यकीय गावाला या अटीचे महत्त्व सांगावयास नको. २०२३ च्या नव्या टपाल अधिनियमाने जुना कायदा रद्द केला. तो २०२४ च्या जूनपासून अंमलात आला असून अत्यंत संक्षिप्त आहे व अशा पुष्कळ बाबी त्याने नियमांकडे सोपविल्या आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची जैविक आपत्तीविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २००८ पासून उपलब्ध आहेतच. नियम करणाऱ्यांनी कर्मचाऱ्याच्या देहाचा तो जुना निर्देश हरवू देऊ नये, इतकेच मागणे आहे.

आणि कर्मचारी म्हणजे कोण, याचाही खुलासा व्हावा. मिरजेच्या दालनातून निघालेली थैली मालगाव, बेडग, आरग, म्हैसाळ यांसारख्या गावांच्या शाखा डाकघरांत जाते. पुष्कळशी शाखा डाकघरे ग्रामीण डाकसेवकाच्या स्वत:च्या घरातील बाहेरच्या खोलीत चालतात. थैली तेथे सोप्यातल्या सतरंजीवर उघडली जाते, शेजारी मूल अभ्यास करीत असते, आतल्या चुलीवर भाकरी भाजत असते. या सेवकांना खात्याचे नियमित नोकर मानले जात नाही, आणि मुखपट, हातमोजे वा सूचनांची पत्रके वाटण्याची वेळ येते तेव्हा शहरातली मुख्य डाकघरे आटोपल्यावर त्यांचा क्रमांक लागतो. धुळीच्या बाबतीत पाहिले तर त्यांची खोली सर्वांत लहान, वायुवीजन सर्वांत कमी, आणि धोक्यात येणारी माणसे केवळ एक सेवक नसून एक कुटुंब असते. तेव्हा वाटपाचा क्रम शाखा डाकघरापासून सुरू करावा, हा माझा आग्रह आहे. साबणाची वडी, बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, हातमोजे व मराठीत छापलेले एक पानभर सूचनापत्र एवढे साहित्य तर रोजच्या थैलीतूनच पाठविता येईल.

तीच गोष्ट फलाटावरच्या माणसांची. प्रतिबंधक औषध कोणाला द्यावयाचे हे हजेरीपटावरून ठरते. ब्रेंटवुडला हजारो लोकांना शोधून काढता आले ते पटावर नावे होती म्हणून. आपल्याकडे गाडीच्या डब्यातून थैल्या उतरविणारे, ढकलगाडीवरून दालनापर्यंत नेणारे हात पुष्कळदा ठेकेदाराकडच्या रोजंदारी हमालांचे असतात, आणि ते खात्याच्या पटावर नसतात. अमुक तारखेच्या अमुक गाडीने संशयित थैली आली असे उद्या कळले, तर ती खांद्यावरून वाहिलेल्या मनुष्याला साठ दिवसांच्या गोळ्यांसाठी कोणी व कसे बोलवावे? मिरजेच्या फलाटावर प्रत्येक पाळीला थैली उचलणाऱ्या प्रत्येकाचे नाव व गाव, तो कोणाचाही नोकर असो, एका वहीत लिहिले जावे, आणि ती वही विभागीय अधीक्षकांच्या कचेरीत जपून ठेवावी, असा हुकूम काढण्यास कोणत्याही साथीची वाट पाहण्याचे कारण नाही.